झाकण आपटू नये

"दोनच शब्द लिहायचे आहेत. 'माझं चुकलं.' त्याला इतके दिवस लागतात?" बायकोने विचारलं आणि चहाचा कप टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगलं, थोडा चहा बशीत सांडला.

"मसुदा मुरतोय," रंधासाहेब म्हणाले.

"लोणचं आहे का ते मुरायला?"

बशीतला चहा कपात ओतण्याचं काम रंधासाहेबांनी अशा एकाग्रतेने केलं, की बायकोला पुढचा प्रश्न टेबलाकडे वळवावा लागला. या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घाला, असं ती लग्नापासून सांगत होती. रंधासाहेबांचं म्हणणं असं, की लिहिलेला कागद फर्निचरच्या पायाखाली घालणं हा कागदाचा अपमान आहे, आणि कोरा कागद घालणं ही उधळपट्टी आहे. त्यामुळे टेबल डुगडुगत होतं आणि घरातली दोघंही बशीतून चहा प्यायला शिकली होती.

रंधासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. मिक्सर, इस्त्र्या आणि पाणी तापवायच्या किटल्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते पत्रक विभागाचे प्रमुख होते. खोक्यात वस्तूच्या वर एक घडी घातलेलं माहितीपत्रक असतं ना, जे आपण खोकं उघडल्यावर सगळ्यात आधी बाजूला टाकतो, ते त्यांच्या विभागात तयार होत असे. कुणी कितीही चांगलं लिहून आणलं, तरी साहेब त्यावरून सुताराचा रंधा फिरवावा तशी पेन्सिल फिरवायचे आणि भुसा खाली पडायचा. म्हणून विभागातल्या लोकांनी हे नाव ठेवलं होतं. ते साहेबांना माहीत होतं. नाव नेमकं होतं, त्यात एकही जादा शब्द नव्हता, त्यामुळे त्यांना ते मनातून आवडलंही होतं.

भांडण झालं ते याच पत्रकावरून. रंधासाहेबांच्या धाकट्या भावाचं बाजारात घरगुती उपकरणांचं दुकान होतं. एकदा सहज म्हणून साहेब तिथे गेले, तर धाकटा एका गिऱ्हाइकाला मिक्सर उघडून दाखवत होता. काउंटरवर पाणी सांडलेलं. धाकट्याने मिक्सरच्या खोक्यातलं पत्रक काढलं आणि त्याने काउंटर पुसला. साहेबांच्या डोळ्यांदेखत. ज्या पत्रकातल्या 'भांडे घट्ट बसवावे' या एका वाक्यावर त्यांनी आठवडा घालवला होता, ते पत्रक.

"अरे, काय करतोयस?" साहेब ओरडले.

"पुसतोय," धाकटा म्हणाला. "दादा, कोणी वाचत नाही रे हे."

त्यावर साहेबांनी मिक्सरचं झाकण उचलून काउंटरवर आपटलं. चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, की ज्याला आयुष्यात एक वाक्य धड लिहिता आलं नाही, त्याला लिहिण्यातलं काय कळणार. झाकणाला तडा गेला. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता.

हे असंच चालू राहिलं असतं, कारण दोघेही आपापल्या जागी समजूतदार होते आणि समजूतदार माणसांची भांडणं फार टिकतात. पण आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला, आणि तो रविवारी येत होता. आई धाकट्याकडे राहायची. दर वाढदिवसाला तिचं जेवण थोरल्याकडे असायचं. या वेळी तिने फोनवर सांगून टाकलं, "दोघं एका टेबलाला बसणार असाल तर मी येते. नसाल तर मी घरीच. आणि त्या दिवशी मी जेवणारही नाही. पंचाहत्तर वर्षं जेवलेय, एक दिवस नाही जेवले तर मरत नाही."

म्हणजे धाकट्याची माफी मागणं आलं. रंधासाहेबांना माफी मागायची होती. यात शंका नको. भावाशी बोलणं बंद झाल्यापासून त्यांना रविवार खायला उठत होता. पण नुसतं उठून दुकानात जायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. तोंडाला येईल ते बोलल्यानेच तर हे सगळं झालं होतं. बोलायचं तर आधी लिहिलं पाहिजे, आणि लिहिलं तर ते तपासलं पाहिजे.

पहिला मसुदा चार पानी झाला. तो त्यांनी बायकोला दाखवला. तिने तो वाचला आणि डोळ्यांना पदर लावला.

"पाठवा हाच."

"छे! यात पाल्हाळ किती आहे बघ. लहानपणीच्या सायकलचा काय संबंध?"

सायकल गेली. मग लहानपण गेलं. मग 'मला फार वाईट वाटलं' मधलं 'फार' गेलं, कारण वाईट वाटणं पुरेसं आहे. पुढे वाईट वाटणंही गेलं, कारण ते लिहिणाऱ्याविषयी आहे, वाचणाऱ्याविषयी नाही. आठवडाभराने उरलेला कागद त्यांनी पुन्हा बायकोपुढे धरला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. "पहिल्यात माफी होती. यात नुसती भाषा आहे."

हे रंधासाहेबांना लागलं. ते विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी विभागातला मसुद्याचा पिवळा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं :

'त्या दिवशी तुझ्या दुकानात मी झाकण आपटलं. ते चुकलं. गिऱ्हाइकांसमोर तुला बोललो, ते बोलायला नको होतं. तू नसलास की घर रिकामं वाटतं. रविवारी ये. तू आला नाहीस तर आई जेवणार नाही.'

वाचून त्यांना स्वतःचाच थोडा राग आला, कारण त्यात काढण्यासारखं काही सापडेना. पण लिहिलेलं लगेच पुढे पाठवायचं नाही, निदान एक रात्र तरी ते टेबलावर पडू द्यायचं, हा त्यांनीच घातलेला नियम होता. त्यांनी कागद आपल्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ताज्या डोळ्यांनी पाहू, असं ठरवून ते घरी गेले.

सकाळी त्यांची अक्कलदाढ ठणकू लागली. दंतवैद्य म्हणाला, काढावी लागेल. रंधासाहेबांनी दोन दिवसांची रजा घेतली.

आता त्या विभागाच्या कामाची पद्धत सांगायला हवी. मसुद्यावर लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, हा साहेबांचा पहिला नियम. नाव दिसलं की भीड पडते आणि भीड पडली की पेन्सिल चालत नाही. मसुद्याचा हेतू विचारत बसायचं नाही, मसुदा सुधारायचा, हा दुसरा. आणि साहेबांच्या ट्रेमध्ये असलेला पिवळा कागद म्हणजे साहेबांच्या डोळ्यांखालून गेलेला मजकूर, तो लगेच तीन टेबलांवरून फिरवायचा, हा तिसरा. पहिल्या टेबलावर बसायचा कात्री. तो कापायचा. दुसऱ्यावर क्रमवार, तो जे काही मिळेल त्याला एक, दोन, तीन असे आकडे घालायचा. तिसऱ्यावर सावधानबाई. धोक्याच्या सूचना घालणं हे त्यांचं काम, आणि त्यांना चहाच्या कपातही धोका दिसायचा.

त्यात आणखी एक भर पडली होती. नव्या मिक्सरच्या पत्रकाचं मागचं पान रिकामं राहत होतं. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालकच, मागच्या मीटिंगमध्ये म्हणाले होते, "आपली पत्रकं फार कोरडी असतात. मागच्या पानावर ग्राहकाशी दोन शब्द आपुलकीचे बोला. काळजाला हात घाला." रंधासाहेबांनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं आणि पुढे ते पार विसरले होते. प्रेसचा माणूस मात्र विसरला नव्हता. रजेच्या पहिल्याच सकाळी तो मजकूर न्यायला येऊन बसला.

"साहेबांच्या ट्रेमध्ये काय आहे ते बघा," सावधानबाई म्हणाल्या.

कात्रीने कागद आणला आणि मोठ्याने वाचला.

"हे मागच्या पानाचंच दिसतंय," क्रमवार सावकाश म्हणाला. "झाकण आहे, दुकान आहे, गिऱ्हाईक आहे."

"पण 'तुझ्या' काय? ग्राहकाला एकेरी?"

"आपुलकी," सावधानबाई म्हणाल्या. "मोठ्या साहेबांनीच सांगितलंय. पण एकेरी छापता नाही यायचं. 'आपण' करा."

कात्रीने 'आपण' केलं. मग तो 'तू नसलास की घर रिकामं वाटतं' या वाक्यापाशी थांबला. ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. वाक्य चांगलं होतं, हे त्याला कळत होतं. चांगल्या वाक्यापाशीच हात जास्त कडक हवा, असं साहेब नेहमी सांगत. "याचा उत्पादनाशी संबंध नाही," असं म्हणून त्याने ते कापलं.

"'रविवारी ये' ठेवायचं?" क्रमवारने विचारलं. "रविवारी आपलं सर्व्हिस सेंटर बंद असतं."

"साहेबांनी लिहिलंय म्हणजे आता उघडणार असेल."

"आणि हे आईचं?"

यावर जरा चर्चा झाली. कात्रीच्या मते आई कापायला हवी होती. पण सावधानबाईंनी कागद ओढून घेतला. "अमुक केलं नाही तर तमुक होईल, याला इशारा म्हणतात. इशारा माझ्या टेबलाचा. तो मी राहू देणार. शिवाय आई म्हटलं की काळजाला हात लागलाच, वेगळा घालायला नको."

इतकं झाल्यावर कागद टंकलेखनाला गेला, तिथून मोठ्या साहेबांच्या सहीला. मोठे साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलता सही केली. प्रेसचा माणूस मजकूर घेऊन गेला आणि घाईचं काम म्हणून त्याच दिवशी मशीनवर चढवला.

दोन दिवसांनी रंधासाहेब गालाला रुमाल बांधून ऑफिसात आले. दंतवैद्याने बोलायला मनाई केली होती. विभागातले तिघेही उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवर शाबासकीची वाट पाहणारं हसू होतं. कात्रीने छापून आलेलं पत्रक दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवलं, मागचं पान वर करून. त्यावर चौकटीत, ठळक अक्षरांत होतं :

'आपल्या सेवेत, मनापासून
१. झाकण आपटू नये. आमच्याकडून ते आपटले गेले आहे. ते चुकले.
२. दुकानात, इतर ग्राहकांसमोर, आपणांस जे बोलले गेले ते बोलायला नको होते.
३. रविवारी यावे.
सावधान! आपण न आल्यास आई जेवणार नाही. लहान मुलांना दूर ठेवावे.'

रंधासाहेबांच्या तोंडातून एक आवाज आला. तो कसला होता, हे रुमालामुळे कळलं नाही.

"साहेबांना आवडलं," क्रमवार हळूच म्हणाला.

साहेब दोन्ही हात हलवू लागले. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहिलं, 'थांबवा.' लगेच ते खोडून 'ताबडतोब थांबवा' केलं. मग 'ताबडतोब' खोडलं, कारण थांबवायचं ते ताबडतोबच थांबवायचं असतं.

"काय थांबवू साहेब?" कात्रीने विचारलं.

साहेबांनी पत्रकाकडे बोट दाखवलं.

"ते तर गेलं. काल सगळी खोकी भरली आणि आज सकाळी गाड्या दुकानांकडे गेल्या. तुम्ही काळजी करू नका, आम्ही कुठे अडलो नाही. एकाही माणसाने एकही शंका काढली नाही."

ते खरं होतं, आणि ते ऐकून साहेबांना जास्तच घाम फुटला. त्यांनी नियमच तसे घातले होते.

ते तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. गाल सुजलेला, शब्द जेमतेम बाहेर पडत होते. "साहेब, नव्या पत्रकात चूक आहे. मोठी."

"कोणाच्या लक्षात आली?"

"अजून कोणाच्या नाही."

"मग ती चूक नाही," मोठे साहेब म्हणाले. "तक्रार आली की चूक म्हणायची. आली का तक्रार?"

"नाही."

"मग बसा शांत. आणि गालाला बर्फ लावा."

रंधासाहेब शांत बसू शकले नाहीत. हजारो घरांत मिक्सरची खोकी उघडत होती. हजारो माणसं वाचत होती, की आई जेवणार नाही. नोकरी गेलीच, असं ते धरून चालले होते. आता तक्रारी येतील, वर्तमानपत्रात येईल, लोक हसतील. रोज सकाळी ते आधी तळमजल्यावरच्या तक्रार खिडकीपाशी जायचे.

"आली का काही?"

"आलीय ना," तिथली मुलगी म्हणायची. "झाकणाचा रंग खोक्यावरच्या चित्रात निळा आहे आणि आत पांढरं निघतं."

"तसली नाही. पत्रकाबद्दल?"

"पत्रक?" तिने एकदा कपाळाला आठ्या घातल्या. "ते खोक्यात असतं का? मी तर समजत होते, तो कागद झाकण खडखडू नये म्हणून घालतात."

पहिले काही दिवस साहेबांना हायसं वाटलं. मग थोडं कमी हायसं वाटू लागलं. पुढे तर त्यांना चक्क अपमान वाटू लागला. हजारो पत्रकं गेली आणि एका माणसाला विचारावंसं वाटलं नाही, की बाबांनो, ही कोणाची आई? त्यांनी 'भांडे घट्ट बसवावे' वर आठवडा घालवला तो कोणासाठी? धाकटा खरं बोलत होता, असं म्हणायची पाळी आली होती, आणि ते त्यांना माफी मागण्याहून जड जात होतं.

त्यातही गंमत अशी, की ज्या एका माणसासाठी हा मजकूर लिहिला होता, त्याच्याही दुकानात ही खोकी जाणारच होती. आणि तो तर वाचत नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं. म्हणजे सगळ्या गावाची माफी मागून झाली होती आणि ज्याची मागायची तो तेवढा राहिला होता.

शेवटी वाढदिवसाआधीच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ते धाकट्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. समोरच्या बाजूला, चपलांच्या दुकानाच्या काचेपाशी, चपला बघतोय असं दाखवत. धाकटा एका बाईंना तोच नवा मिक्सर दाखवत होता. त्याने खोकं उघडलं, वरचं पत्रक काढलं, काउंटरच्या खणात टाकलं आणि खोकं परत बंद करून बाईंच्या हातात दिलं. गिऱ्हाइकाच्या हाती पत्रक द्यायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. मग तो मागच्या फळीकडे वळला आणि त्याची नुसती पाठ दिसू लागली. ती जरा वाकल्यासारखी वाटली. रस्ता ओलांडला की दुकान होतं. साहेबांनी एक पाय खालीही टाकला. पण जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, हे ठरत नव्हतं. 'मी इकडून चाललो होतो' हे खोटं होतं. 'मी मुद्दाम आलो' हे फार होतं. तेवढ्यात चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"साहेब, बराच वेळ बघताय. कुठली काढू?"

रंधासाहेब चपला घेऊन घरी आले. त्या त्यांना एक नंबर लहान होत्या.

"बोललात भाऊजींशी?" बायकोने दारातच विचारलं.

"नाही."

"मग रविवारचं काय करू? किती जणांचा स्वयंपाक?"

रंधासाहेब खुर्चीत बसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. कागद, ट्रे, दाढ, पत्रक. काही न कापता, काही न सुधारता, जसं आठवेल तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. ऐकताना बायकोला आधी हसू फुटलं होतं, ते नंतर कुठेतरी थांबलं.

"हे जसं मला सांगितलंत ना," ती म्हणाली, "तसंच त्यांना सांगायचं होतं. बाकी काही लागत नव्हतं." आणि ती चौघांचा स्वयंपाक धरून चालली.

रविवारी दुपार झाली. टेबलावर चार ताटं मांडलेली. कोणाचा पत्ता नाही. रंधासाहेब खिडकीपाशी उभे राहायचे, आत येऊन चमचे सरळ करायचे, पुन्हा खिडकीपाशी जायचे.

मग बेल वाजली. दारात आई होती, नव्या साडीत. तिच्यामागे, तिची पिशवी हातात धरून, धाकटा उभा होता.

"मी आईला सोडायला आलोय," तो म्हणाला.

"सोडायला आलास तर आत येऊन सोड," आई म्हणाली आणि सरळ टेबलापाशी जाऊन बसली.

धाकटा आत आला, पण बसला नाही. त्याने खिशातून एक कागद काढला आणि उलगडला. मिक्सरचं पत्रक. मागचं पान वर.

"दादा, हे काय आहे?"

"तू... वाचलंस?"

"म्हणजे काय? मी सगळीच वाचतो."

"तू म्हणाला होतास, कोणी वाचत नाही!"

"कोणी नाहीच वाचत. मी वाचतो. गिऱ्हाईक नसलं की बसून वाचतो. तू घरी कधी दोन ओळी लिहून पाठवत नाहीस, म्हटलं निदान हे तरी वाचावं." धाकटा जरा ओशाळला. "इस्त्रीचं मला आवडलं होतं. ते 'तापलेली इस्त्री उभी ठेवावी.' उगाच फापटपसारा नाही."

त्या वाक्याचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. "मग त्या दिवशी काउंटर कशाला पुसलास त्याने?"

"वाचून झालं होतं ना."

आईने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. टेबल डुगडुगलं.

"आणि हे गिऱ्हाइकांना दिलं नाहीस ते?" रंधासाहेबांनी विचारलं. "खणात टाकत होतास."

"तू कधी बघितलंस?"

"चपला घेत होतो समोर."

धाकटा हसू दाबत म्हणाला, "आमच्या आईने जेवायचं की नाही, ते कोणा परक्या बाईला कशाला कळायला हवं? माझ्या दुकानातल्या सगळ्या खोक्यांतली काढून घेतली. बाकीच्या दुकानांचं मला माहीत नाही. पण तिथे काय, वाचत नाहीत." त्याने आईच्या पिशवीतून पत्रकांचा एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"बघू, काय लिहिलंय?" आईने वरचं पत्रक हातात घेतलं, लांब धरलं आणि वाचलं. "लहान मुलांना दूर ठेवावे, हे कशाला? माझ्यापासून?"

"ते माझं नाही, आई," रंधासाहेब म्हणाले. "ते ऑफिसचं आहे."

"मग तुझं काय आहे यात?"

"तेच विचारणार होतो," धाकटा म्हणाला. आता तो खुर्ची ओढून बसला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पत्रकावर बोट ठेवून तो म्हणाला, "दोन नंबर आणि तीन नंबरच्या मध्ये काहीतरी गेलंय. आधी चुकलं म्हणतोस आणि लगेच रविवारी या. तू असा उडी मारून लिहीत नाहीस. इथे काय होतं?"

"काही विशेष नव्हतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने फक्त रंधासाहेबांकडे पाहिलं.

रंधासाहेबांनी घसा साफ केला. मनात ते वाक्य एकदा फिरवून पाहिलं. 'रिकामं' ऐवजी 'शांत' म्हणता येईल का? 'घर' म्हणण्यापेक्षा... मग त्यांनी हात टेकले.

"तू नसलास की घर रिकामं वाटतं," ते म्हणाले. "असं होतं."

धाकट्याने पत्रकाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो टेबलाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला.

"मग हेच का कापलंस?" त्याने खालूनच विचारलं.

"मी नाही कापलं. आमच्या कात्रीने कापलं. उत्पादनाशी संबंध नव्हता म्हणून." रंधासाहेबांनी समोरचा चमचा सरळ केला. "पण शिकवलेलं मीच."

"झालं का तुमचं?" आई म्हणाली. "मला भूक लागलीय. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे दोघं बसतायत की नाही ते कळेपर्यंत."

बायकोने वाढायला घेतलं. आमटीचं भांडं टेबलावर ठेवताच टेबल कललं आणि भांडं आईच्या नव्या साडीच्या दिशेने निघालं. दोन्ही भावांनी एकदमच हात घालून ते धरलं.

"दादा, हे टेबल अजून हलतंच आहे?"

"अजून म्हणजे काय," बायको म्हणाली, "लग्नापासून."

रंधासाहेब उठले. त्यांनी पत्रकांच्या गठ्ठ्यातून वरची काही उचलली, त्यांची घडी घातली, आणखी एकदा घातली, जाडी बोटांनी चाचपून पाहिली. मग ते खाली बसले आणि ती घडी त्यांनी टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली.

"अरे, अरे," धाकटा म्हणाला. "तुझं लिखाण आहे ते!"

"वाचून झालं ना तुझं?" रंधासाहेब टेबलाखालून म्हणाले.

आईने टेबलावर हात ठेवून जोर देऊन पाहिलं. टेबल हललं नाही. मग तिने पहिला घास घेतला.